अमेरिकन मोटरसायक्लिस्ट असोसिएशन (एएमए)

अमेरिकेतल्या मोटरसायकलवाल्यांची देशपातळीवरची सभासद संघटना. सभासद साधारण दोन लाखांच्या घरात, मुख्य ऑफिस ओहायो राज्यात पिकरिंग्टन गावी, आणि शिवाय वॉशिंग्टनला एक ऑफिस, ते फक्त सरकारदरबारी रायडरांची बाजू मांडायला. रोज कामाला बाइकवर जाणारा, सुट्टीला लांबच्या राइडला निघणारा आणि रेस मारणारा, तिघंही या एकाच छत्राखाली येतात. आपल्याकडं असं नाही. कोल्हापुरात रायडर ग्रुपमध्ये एएमएचा विषय निघाला की 'म्हणजे आपली एफएमएससीआयच की' (भारतातल्या मोटरस्पोर्ट क्लबांचा महासंघ) असं कुणीतरी म्हणतंच, ते अर्धं बरोबर आहे, उरलेलं अर्धं कुठं चुकतं ते पुढं येईल.

स्थापनेचा वाद : संस्था नेमकी कधीची यावर दोन मतं आहेत आणि दोन्हीकडं थोडं थोडं खरं आहे. पहिलं मत १९०३ पासून मोजणाऱ्यांचं. त्या वर्षी सप्टेंबरात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात काही क्लबांचे रायडर जमले आणि फेडरेशन ऑफ अमेरिकन मोटरसायक्लिस्ट्स, म्हणजे एफएएम, उभी राहिली. रेस कशा घ्यायच्या, रेकॉर्ड कुणाचं मान्य करायचं, रस्त्यावर बाइकवाल्यांना काय हक्क, ही सगळी कामं तिनं अंगावर घेतली होती, म्हणजे पुढं एएमए जे करायला लागली त्याचा आराखडा तिथंच तयार होता. पण पहिल्या महायुद्धाच्या काळात ती लुळी पडली आणि १९१९ ला बंद झाली.

दुसरं मत १९२४ चं. एफएएम मरायला टेकली तेव्हा १९१६ मध्ये मोटरसायकल आणि पार्ट बनवणाऱ्या कंपन्यांनी आपली एक धंद्याची संघटना काढलेली होती, मोटरसायकल अँड अलाइड ट्रेड्स असोसिएशन. रेसचं काम वाऱ्यावर पडलं ते तिनं उचललं, रायडरांची नोंदणी सुरू केली आणि मग १९२४ मध्ये रायडरांसाठी वेगळी शाखा काढली, तिचं नाव अमेरिकन मोटरसायकल असोसिएशन. आजचं नाव १९७० च्या दशकात आलं. संस्थेनं स्वतः शताब्दी साजरी केली ती २०२४ मध्ये, त्यामुळं अधिकृत उत्तर १९२४ हेच धरलं जातं आणि कागदोपत्री तेच जास्त टिकतं, कारण एफएएमचे सभासद, घटना, तिजोरी यातलं काहीच थेट एएमएकडं आलेलं दिसत नाही. १९०३ वाल्यांना वारसा म्हणायचंय तर म्हणू देत, पण वारसा वेगळा आणि नोंदणी वेगळी.

तारखेपेक्षा यात महत्त्वाचं आहे ते असं, की एफएएम रायडरांनी काढली होती आणि एएमए कंपन्यांच्या पोटातून आली. पुढच्या चाळीसेक वर्षांत नियमांवरून जी भांडणं झाली त्यांचं मूळ इथं सापडतं. १९२८ पासून जवळजवळ तीस वर्षं ई. सी. स्मिथ नावाच्या एकाच माणसानं कारभार हाकला आणि रेसचे नियम ठरवणाऱ्या कमिटीत कंपन्यांची माणसं वजन राखून होती.

क्लास सी आणि साइड वॉल्व्हचं प्रकरण : १९३० नंतरच्या मंदीत फॅक्टरीच्या खास रेसिंग बाइकी परवडेनात. त्यावर तोडगा म्हणून १९३४ च्या सुमारास क्लास सी आली. शोरूममध्ये मिळते तीच बाइक, तीही रायडरच्या मालकीची, आणि तीच घेऊन शर्यतीला उतरायचं. कल्पना झकास होती आणि तिच्यामुळं रेसिंग साध्या माणसाच्या आवाक्यात आलं, हे टीकाकारही मान्य करतात.

घोळ झाला तो इंजिनच्या मापात. साइड वॉल्व्ह इंजिनला ७५० सीसीपर्यंत मुभा, ओव्हरहेड वॉल्व्हला मात्र ५०० सीसीच. साइड वॉल्व्हमध्ये वॉल्व्ह सिलिंडरच्या बाजूला उभे असतात, त्यामुळं हेडमधली जागा पसरट होते, कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, फार वाढवता येत नाही आणि हवा-पेट्रोलच्या मिक्श्चरला वळसा घालून आत यावं लागतं. ओव्हरहेडमध्ये वॉल्व्ह डोक्यावर असल्यानं इंजिन मोकळा श्वास घेतं आणि कमी सीसीत जास्त ताकद काढतं. तेव्हा मोठ्या साइड वॉल्व्हसमोर छोटं ओव्हरहेड ही बरोबरीची जोडी, असं नियमाच्या बाजूचे लोक सांगतात. विरोधातले म्हणतात की हार्ली आणि इंडियन या अमेरिकन कंपन्या साइड वॉल्व्ह बनवत होत्या, ब्रिटिश कंपन्या ओव्हरहेड, मग हा नियम कुणासाठी होता हे सांगायला पंडित लागत नाही. वर कॉम्प्रेशन रेशोवरही ७.५ ची मर्यादा होती, ती ओव्हरहेडवाल्यांनाच जास्त बोचायची.

निकाल बघितले तर चित्र एकतर्फी नाही. डेटोना २०० ही शर्यत १९३७ मध्ये फ्लोरिडात समुद्रकाठी सुरू झाली, अर्धा ट्रॅक वाळूचा आणि अर्धा डांबरी रस्त्याचा, पहिल्या वर्षी एड क्रेट्झ इंडियनवर जिंकला. १९४९ ते १९५२ सलग चार वेळा ती ब्रिटिश नॉर्टननं मारली, म्हणजे ५०० वाल्यांना दार अगदीच बंद नव्हतं. पण त्यानंतर तीच नॉर्टन शोरूमची बाइक नाही म्हणून बाजूला पडली आणि हार्लीचं केआर हे साइड वॉल्व्ह मॉडेल पुढं बरीच वर्षं पळत राहिलं. १९६९ च्या आसपास फरक काढून सगळ्यांना ७५० ची मुभा दिली, आणि १९७० ला डेटोना जिंकली ती चार सिलिंडरच्या होंडानं, डिक मान चालवत होता. नियम मुद्दाम पक्षपातानं केला असं म्हणण्यापेक्षा आधी सोयीचा म्हणून केला आणि नंतर सोयीचा म्हणूनच बदलला नाही, असं म्हणणं पुराव्याला जास्त धरून वाटतं.

शर्यती : १९५४ पर्यंत देशाचा चँपियन एकाच रेसवर ठरायचा, त्या वर्षी ग्रँड नॅशनल ही पॉइंटांची मालिका आली आणि जो लिओनार्ड पहिला चँपियन झाला. मैलाचा मातीचा ट्रॅक, अर्ध्या मैलाचा, शॉर्ट ट्रॅक, उडी आणि उजवं वळण असलेली टीटी, शिवाय डांबरी रोड रेस, हे सगळं एकाच माणसानं मारायचं. १९७० मध्ये एएमए आंतरराष्ट्रीय महासंघाला, म्हणजे एफआयएमला जोडली गेली, १९७४ पासून स्टेडियममध्ये माती टाकून घेतलेल्या सुपरक्रॉसची राष्ट्रीय मालिका सुरू झाली, १९७६ पासून सुपरबाइकची. २००८ ला व्यावसायिक रेसिंगचा बराचसा कारभार एका खासगी कंपनीला विकला. डांबरी रेसिंग २०१५ पासून मोटोअमेरिका बघते, जिच्या मागं माजी जगज्जेता वेन रेनी आहे.

या सगळ्यात एएमए नेमकं करते काय, तर सँक्शन देते. ट्रॅक दुसऱ्याचा, तिकीट दुसऱ्याचं, पण रूलबुक, अधिकारी, इन्शुरन्स आणि निकालाला मान्यता संघटनेची. कोल्हापूरकरांना हे फार समजवायला नको, शाहू स्टेडियमवर फुटबॉलची लीग खेळायची तर पोरगं कुठल्याही तालमीचं असो, केएसएकडं (कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन) रजिस्ट्रेशन लागतंच.

'एक टक्का' : ४ जुलै १९४७ च्या सुट्टीत कॅलिफोर्नियातल्या हॉलिस्टर गावी एएमएचा मेळावा होता, जिप्सी टूर म्हणतात त्याला. अपेक्षेपेक्षा कितीतरी जास्त गर्दी झाली, दारू, रस्त्यावर रेस, मारामाऱ्या, पन्नासेक अटका. 'लाइफ' मासिकानं बाटल्यांच्या ढिगावर हार्लीवर बसलेल्या माणसाचा फोटो छापला आणि देशभर बोंब झाली. तो फोटो जुळवून काढलेला होता असं बरेच जण मानतात.

त्यावर एएमएनं म्हणे निवेदन काढलं की ९९ टक्के रायडर सभ्य आहेत, त्रास देणारे एक टक्काच. त्यावरून आउटलॉ, म्हणजे एएमएला न जुमानणाऱ्या, क्लबांनी स्वतःला 'वन पर्सेंटर' म्हणवून घेतलं आणि पत्त्यातल्या चौकटीच्या आकाराचा तो पॅच अंगावर आला. गोष्ट सगळीकडं सांगतात. मात्र असं निवेदन दिल्याची नोंदच आपल्याकडं नाही असं एएमएनं नंतर सांगितलं आहे. काही अभ्यासक हॉलिस्टरऐवजी पुढच्या वर्षीच्या रिव्हरसाइडच्या गोंधळाशी हे जोडतात. तेव्हा वाक्य कुणीतरी कुठंतरी बोललं असेल, पण अधिकृत पत्रक म्हणून ते धरू नये. तो पॅच शिवलेली जॅकेटं आता ऑनलाइन कुठंही मिळतात आणि पन्हाळ्याला नाश्त्याला गेलेल्या ग्रुपमध्येही एखादं दिसतं, घालणाऱ्याला हा इतिहास बहुधा माहीत नसतो.

सभासदत्व : १९५० च्या दशकापर्यंत कृष्णवर्णीयांना सभासदत्व बंद होतं. बेसी स्ट्रिंगफील्ड ही कृष्णवर्णीय बाई एकटी अमेरिकाभर बाइकवर फिरायची, तिला एएमएच्या हॉल ऑफ फेममध्ये जागा मिळाली ती २००२ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर. महिलांच्या मोटर मेड्स क्लबला मात्र १९४१ लाच मान्यता मिळालेली होती.

हक्कांचं काम : हेल्मेट घाला असं एएमए सांगते, पण मोठ्या माणसाला कायद्यानं सक्ती करायला तिचा विरोध आहे. पुण्या-कोल्हापुरात हेल्मेटसक्ती आली की जो आवाज उठतो तोच साधारण हा सूर, फरक इतकाच की तिथं संघटना फी भरलेल्या सभासदांच्या वतीनं बोलते आणि इकडं मोर्चा निघतो. मातीचे ट्रेल बंद होणं, आवाजाच्या मर्यादा, विमा कंपन्यांचा दुजाभाव, असे विषय ती धरून असते.

भारतातली स्थिती आणि कोल्हापूर : आपल्याकडची एफएमएससीआय १९७१ ची, कारभार चेन्नईतून. केंद्र सरकारनं तिला मोटरस्पोर्टचा राष्ट्रीय महासंघ म्हणून मान्यता दिलेली आहे. बाइकसाठी ती एफआयएमशी आणि कारसाठी एफआयए या कारच्या आंतरराष्ट्रीय महासंघाशी जोडलेली, म्हणजे दोन चाकं चार चाकं एकाच घरात. पण ती क्लबांची संस्था आहे. साधा रायडर तिचा सभासद होत नाही, तो फार तर कॉम्पिटिशन लायसन घेतो, तेही रेस मारायची असेल तरच. करूळ घाट खड्ड्यात गेला किंवा टोलनाक्यावर बाइकवाल्याला उगाच अडवलं तर त्यात एफएमएससीआयचा काही संबंध नाही. ते काम करणारी एएमएसारखी संघटना इथं नाही, ग्रुपचा ॲडमिन आणि ओळखीचा नगरसेवक एवढ्यावर भागवावं लागतं.

कोल्हापूरचं रेसिंगमधलं नाव दुचाकीपेक्षा कार्टिंगमुळं जास्त झालंय, मोहिते रेसिंग अकादमीच्या ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंगच्या फेऱ्या झालेल्या आहेत. दुचाकीची ताकद वर्कशॉपात आहे. शिवाजी उद्यमनगरात लेथ, बोअरिंग, वेल्डिंग सगळं हाकेच्या अंतरावर, शिरोली आणि गोकुळ शिरगावला फाउंड्र्या, त्यामुळं १९९६ ला बंद झालेल्या यामाहा आरएक्स १०० चा सिलिंडर ब्लॉक आजही इथं बोअर होऊन (आतून कापून मोठा करून) ओव्हरसाइझ पिस्टन घालून धडधाकट बाहेर पडतो. मातीच्या रेसला जाणारी बरीच पोरं याच गल्ल्यांत बाइक तयार करतात.

रस्त्यावर टायमिंग लावून पळवणं हा वेगळा प्रकार. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ प्रमाणं राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक जागी शर्यत किंवा वेगाची चाचणी हा गुन्हा आहे, २०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्याच वेळी ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा कैद. गगनबावड्याच्या रस्त्यावर पहाटे ज्या शर्यती होतात त्यांना कुणाचं सँक्शन नसतं.

रीतसर रेसला उतरायचं तर लायसनसाठी वयाचा पुरावा आणि मेडिकल फिटनेस लागतं, अठराच्या आतला असेल तर आईवडिलांची संमती. रेसच्या आधी स्क्रुटिनी होते. स्टँड, आरसे काढलेले पाहिजेत, क्लच-ब्रेकच्या लिव्हरच्या टोकाला गोळी पाहिजे, ऑइलच्या ड्रेन बोल्टला तार मारलेली पाहिजे म्हणजे तो सुटून ट्रॅकवर तेल सांडणार नाही. रेस झाल्यावर जिंकलेल्यांची इंजिनं उघडून बोअर (सिलिंडरची रुंदी) आणि स्ट्रोक (पिस्टनची धाव) मोजू शकतात, आणि शोरूम मॉडेलच्या क्लासमध्ये उतरलेल्या बाइकीचा ब्लॉक उद्यमनगरात ओव्हरसाइझ झालेला असेल तर तिथंच सापडतो.