सस्पेन्स म्हणजे रहस्य नव्हे

"सस्पेन्स फोडू नकोस हं," असं आपण म्हणतो, तेव्हा म्हणायचं असतं 'खुनी कोण ते सांगू नकोस.' म्हणजे रहस्य. गप्पांमध्ये या गल्लतीने काही बिघडत नाही. पण कॉलेजसाठी थ्रिलर शॉर्टफिल्म करायला बसलात की पहिल्या दोन मिनिटांतच ती नडते. हूडीतली पाठमोरी आकृती, हातमोजे, अंधारा पॅसेज, ड्रॉवरमधला फाटका फोटो आणि धाडकन टायटल! मीही अशी एक ओपनिंग केली आहे. मित्रांनी विचारलं, "हा कोण?" श्वास मात्र कुणाचाच अडकला नाही.

रहस्यात प्रेक्षकाला पात्रापेक्षा कमी माहिती असते. सस्पेन्समध्ये जास्त.

एक प्रसंग घ्या. एक विद्यार्थिनी रात्री सरांच्या केबिनमध्ये शिरून कॉम्प्युटरवरची फाइल पेन ड्राइव्हवर उतरवते आहे. तिचा चेहरा लपवला, फाइलचं नाव लपवलं, तर झालं रहस्य. आता तिला उजेडात दाखवा, पण त्याआधी एक शॉट टाका: सर गेटपाशी थांबतात, खिसे चाचपतात आणि मागे वळतात. मग केबिन. माऊसला जागा करायला ती टेबलावरचा चष्मा उचलून बाजूला ठेवते. तिच्या लेखी ती अडगळ, आपल्या पोटात मात्र गोळा. स्क्रीनवर चाळीस टक्के. जिन्यावर पावलं.

इथे लपवलं काहीच नाही, उलट सगळं सांगून टाकलं. म्हणून स्टोरीबोर्ड, म्हणजे प्रत्येक शॉटचं चित्र, काढताना प्रत्येक चौकटीखाली दोन ओळी लिहा: प्रेक्षकाला काय ठाऊक, पात्राला काय ठाऊक. दोन्ही ओळी पानभर सारख्याच निघाल्या, तर कॅमेरा कितीही हलवा, धाकधूक होणार नाही. आणि जिना ते केबिनचं दार हे अंतर आधी एकदा नीट दाखवून ठेवा. सर कुठवर आले हेच कळलं नाही, तर प्रेक्षक घाबरणार कशाला? म्युझिकची घाई नको. पावलांचा आवाज पुरतो. पावलं थांबली की तर जास्तच.

रहस्याला एवढी मशागत लागत नाही. एक नेमका प्रश्न पडला की पुरे. फक्त तो एकच हवा. पाच गोष्टी झाकल्या की प्रेक्षक कुतूहलाऐवजी कंटाळतो.

दोन्ही एकत्र नांदू शकतात. दिग्दर्शक ऑर्सन वेल्सच्या 'टच ऑफ इव्हिल' (1958) या सिनेमाची सुरुवात पाहा. कुणाचे तरी हात बॉम्बचा टायमर लावतात, बॉम्ब गाडीच्या डिकीत जातो, एक जोडपं येऊन त्याच गाडीत बसतं. तीन मिनिटांहून जास्त वेळ एकही कट नाही. गाडी गर्दीतून, माणसांच्या शेजारून सरकत राहते. बॉम्ब फुटणार हे आपल्याला माहीत, गाडीतल्यांना नाही: हा सस्पेन्स. ठेवला कुणी, हे रहस्य. पहिला स्फोटाबरोबर संपतो, दुसरं पुढच्या कथेला पुरतं.

आपल्या केबिनमध्येही तसंच करता येईल. सर येताहेत हे दाखवा, त्या फाइलमध्ये काय आहे ते झाका. हँडल फिरतं, नव्व्याण्णव टक्के, टायटल.