भिगवणला पक्षी बघायला येताय? बुकिंगआधी हे वाचा

फोनवर सगळ्यात जास्त विचारतात ते एकच, "फ्लेमिंगो नक्की दिसतील ना?" याचं उत्तर कॅलेंडरपेक्षा उजनी धरणाच्या पाण्यात जास्त आहे, आणि ते एकदा समजलं की कधी यायचं ते तुमचं तुम्हीच ठरवू शकाल.

उजनीची भिंत तिकडे माढा तालुक्यात, आणि तिने अडवलेलं भीमेचं पाणी मागे फुगत इकडे भिगवण, डिकसळ, कुंभारगावपर्यंत येतं. आपण बोटीत बसतो तो या बॅकवॉटरचा उथळ भाग. फ्लेमिंगो म्हणजे आपला रोहित, तो मान खाली घालून चोच उलटी करतो आणि गाळातलं शेवाळ, बारीक किडे गाळून खातो, म्हणजे त्याला थोडं पाणी आणि खाली भरपूर चिखल पाहिजे. पाऊस दणकून झाला, धरण भरलं की हा चिखल सगळा पाण्याखाली, मग तुम्ही ख्रिसमसच्या सुट्टीत हौसेने आलात तरी थवे लांब नाहीतर मोजकेच. पुढे शेतीसाठी पाणी सोडायला लागतात तशी पातळी उतरते, काठ उघडे पडतात आणि साधारण जानेवारीच्या शेवटापासून मार्चपर्यंत खरी मजा असते. पाऊस कमी झालेल्या वर्षी हेच सगळं लवकर होतं. त्यामुळे आम्ही गॅरंटी देत नाही, आणि जो देतो त्याला आधी पाणी किती टक्के आहे ते विचारा.

बातम्यांत "उजनी मायनसमध्ये" आलं की काहीजण घाबरून ट्रिप कॅन्सल करतात. अहो, धरणात एकूण साधारण 117 टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी मावतं आणि त्यातलं जवळपास 63 टीएमसी मृतसाठाच आहे, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेलं तळाचं पाणी, मायनस म्हणजे त्या साठ्याला हात लागला, तळ कोरडा पडला असं नाही. फक्त पाणी काठापासून मागे गेलेलं असतं, बोट लावायची जागा बदलते आणि चिखलातून चालावं लागतं. बूट जुने घाला. फार खाली गेलं तर पळसदेवचं जुनं पाण्याखालचं देऊळसुद्धा वर येतं, ते बघायला वेगळी गर्दी असते.

आणि सगळं लक्ष फ्लेमिंगोवरच ठेवू नका. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले पट्टकादंब, म्हणजे बार-हेडेड गूज, हिमालय ओलांडून येतात ते इथेच काठाला बसलेले असतात आणि लोकं त्यांना बदक म्हणून सोडून देतात! चक्रवाक, थापट्या, तलवार बदक, शेकाटे, चमच्यासारख्या चोचीचे चमचे, चित्रबलाक, पाण्यावर सूर मारणारे नदी सुरय, खुंटावर बसलेला मासेखाऊ शिकारी पक्षी ऑस्प्रे, हे सगळं एका सकाळी होऊ शकतं. चित्रबलाक तर इथलेच रहिवासी, भादलवाडीच्या तलावात त्यांची वीण होते. दुर्बीण 8 बाय 42 ची (आठ पट मोठं दाखवणारी) पुरते, हलत्या बोटीत जास्त मोठी घेतली तर नुसतं हलतं पाणी दिसतं.

आमचे नावाडी म्हणजे इथलेच मासेमारी करणारे दादा, पक्षी कुठे बसलेत ते त्यांना आदल्या संध्याकाळीच माहीत असतं, त्यांचं ऐका. थव्यापासून लांबच ते इंजिन बंद करतात, पुढे बांबूने ढकलत नेतात. "दादा, जरा उडवा ना, फोटो पाहिजे" हे दर रविवारी ऐकतो, आणि उत्तर नाहीच आहे, कारण परतीच्या प्रवासासाठी अंगात साठवलेली चरबी अशा फुकटच्या उडण्यात जाते, आणि रोज चारपाच बोटींनी उडवलं तर थवा जागाच सोडतो. ड्रोन आणूच नका.

लाईफ जॅकेट सगळ्यांनी घालायचंच, पोहता येत असलं तरी. मे 2024 मधे याच पाण्यात कळाशी-कुगावकडे वादळी वाऱ्यात बोट उलटून सहा जण गेले. उन्हाळ्यात दुपारनंतर वारा सुटतो म्हणून आम्ही बोट सकाळीच काढतो, आणि नावाड्याने नाही म्हटलं तर नाही, बोटीचे पैसे परत.

वेळ असेल तर बोट झाल्यावर कडबनवाडीचं माळरान करा. तिथे चिंकारा, कोल्हे, धाविक आणि पखुर्ड्या हे माळावरचे पक्षी, थंडीत भोवत्ये हे शिकारी पक्षी. बऱ्याच जणांना हे "ओसाड" वाटतं, आम्हाला ते पाण्याइतकंच भारी वाटतं. मात्र ते वनखात्याच्या ताब्यात आहे, त्यांच्या गवताळ सफारीचं बुकिंग वेगळं करावं लागतं, आमच्या पैशात ते धरलेलं नाही.

पुण्याहून सोलापूर हायवेने अंदाजे 100 किलोमीटर, उजाडायला काठावर पोचायचं तर साडेचारला निघा. पोहे-चहा आमच्याकडे. जेवायला चिलापी मासा फ्राय पाहिजे असेल तर किती माणसं खाणार ते आदल्या रात्री कळवा, सकाळी सांगितलं तर पिठलं-भाकरी मिळेल.