गोव्यात पोलिसात जायचंय? कॉलेजात असतानाच अनुभव कुठे मिळतो आणि कागद काय लागतात

पहिलं सांगून टाकतो, गोवा पोलीस कॉन्स्टेबलच्या जाहिरातीत कुणी तुमच्याकडे कामाचा अनुभव मागत नाही. तिथे शिक्षण, वय, उंची-छाती, धावणं, कोंकणी यायलाच हवी (मराठी येत असेल तर बरं असं लिहिलेलं असतं), आणि पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला, एवढ्यावर गाडी चालते. मग अनुभव कशाला? एक तर केंद्राच्या भरतीत काही सर्टिफिकेटांना सरळ मार्क मिळतात, आणि दुसरं म्हणजे डिचोली-सत्तरीतली अर्धी पोरं पोलीस म्हणजे बुलेट आणि गॉगल एवढंच समजून फॉर्म भरतात, वाळपईच्या पोलीस ट्रेनिंग स्कूलमध्ये जाऊन पहाटे उठायची वेळ आली की मग कळतं. त्यापेक्षा आधीच थोडं बघून घेतलेलं काय वाईट.

माझ्या मते सगळ्यात कामाचं एनसीसी, आणि तेच लोक सगळ्यात उशिरा धरतात. आठवी-नववीत ज्युनियर डिव्हिजन, त्याचं ए सर्टिफिकेट. अकरावीपासून पुढे सिनियर, तिथे आधी बी आणि मग सी, बी नसेल तर सी च्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे डिग्रीच्या शेवटच्या वर्षाला जाग आली तर गाडी सुटलेली असते. परेडला किमान ७५ टक्के हजेरी आणि कॅम्प केलेला लागतो, त्यामुळे रविवारची मॅच की परेड हे एकदाच ठरवून टाका. नाव घालायला बाहेर कुठे धावायचं नाही, तुमच्या हायर सेकंडरीत किंवा कॉलेजात एनसीसी ऑफिसर असलेले सर किंवा मॅडम असतात, वर्ष सुरू होताना त्यांना गाठायचं. आधार, स्वतःच्या नावाचं बँक खातं, फोटो, फिट असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट आणि वय कमी असेल तर आईवडिलांची सही, साधारण एवढंच लागतं.

आता याचा फायदा कुठे, तर केंद्राच्या स्टाफ सिलेक्शन कमिशनच्या जीडी (जनरल ड्युटी) कॉन्स्टेबल भरतीत. बीएसएफ, सीआरपीएफ, सीआयएसएफ, आयटीबीपी, एसएसबी ही केंद्राची सशस्त्र दलं सगळी त्यातच येतात, दाबोळी विमानतळावर गेटवर उभे असतात ते सीआयएसएफवालेच. तिथे सी सर्टिफिकेटला ५ टक्के, बी ला ३ आणि ए ला २ टक्के बोनस मार्क मिळतात. एकेका मार्कावर शेकडो पोरं अडकलेली असतात तिथे ५ टक्के म्हणजे काय ते तुम्हीच बघा. दहावी पास, वय १८ ते २३ (आरक्षणात सूट आहे), मुलांना ५ किलोमीटर २४ मिनिटांत आणि मुलींना १.६ किलोमीटर साडेआठ मिनिटांत. आणि आपल्याकडे बऱ्याच जणांना हे माहीतच नाही की २०२४ पासून हा पेपर मराठीत पण देता येतो आणि कोंकणीत पण. इंग्लिशला घाबरून मागे राहिलेल्यांनी हे नीट वाचा. एकच लक्षात ठेवा, बोनस हातात असलेल्या सर्टिफिकेटला मिळतो, चालू असलेल्या ट्रेनिंगला नाही.

पोलीस स्टेशन आतून बघायचं असेल तर दुसरी वाट. केंद्राच्या माय भारत पोर्टलवर कॉलेजच्या मुलांसाठी स्टुडंट पोलीस एक्सपिरियन्शियल लर्निंग नावाचा प्रकार आहे, ३० दिवस, मिळून १२० तास, पोलीस स्टेशनला जोडून. पोर्टलवर १५ ते २९ वयाच्या कुणालाही नाव नोंदवता येतं, मग प्रोफाईल भरायचं, कॉलेज आणि जिल्हा टाकायचा आणि अनुभवाच्या संधींमध्ये पोलीस आहे का ते बघत राहायचं. पगार नाही. कुणाला पकडायला पाठवतील अशी स्वप्नं पण नकोत, ट्रॅफिकची कामं, तक्रार घेऊन आलेल्या माणसाशी कसं बोलतात, स्टेशन डायरी काय असते, जनजागृतीचे कार्यक्रम, असलं असतं. पण एफआयआर लिहून कशी घेतात हे एकदा डोळ्यांनी बघितलं की पुस्तकातलं कलम डोक्यात बसतं, आणि पुढे पीएसआयच्या (पोलीस उपनिरीक्षक) परीक्षेला बसणाऱ्याला हे फार उपयोगी.

पोर्टलवर आपल्या जिल्ह्यातलं काही दिसत नसेल तर कॉलेजमार्फत विचारा. नवीन शैक्षणिक धोरणात डिग्रीला इंटर्नशिपचे क्रेडिट आलेत, गोवा विद्यापीठात २०२३-२४ पासून ते लागू आहे, त्यामुळे कॉलेजला पण जागा हव्याच असतात. प्रिन्सिपलच्या सहीचं पत्र, बोनाफाईड, आधारची झेरॉक्स, घरच्यांचं संमतीपत्र आणि अर्ज, उत्तर गोव्यातल्यांनी पर्वरीला एसपी ऑफिसात, दक्षिणेतल्यांनी मडगावला. अर्जात तारखा लिहा, किती तास येणार ते लिहा, आणि काय शिकायचंय ते दोन ओळीत लिहा, नुसतं 'मला पोलिसांबद्दल आवड आहे' असं लिहिलं की तो कागद फाईलीत जाऊन झोपतो. आणि इनवर्डचा, म्हणजे अर्ज मिळाल्याचा, शिक्का मारलेली कॉपी घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका!!

होमगार्डबद्दल लोक खूप विचारतात. ही नोकरी नव्हे हे आधी डोक्यात घ्या, स्वयंसेवक दल आहे, मुंबई प्रांतात ६ डिसेंबर १९४६ ला सुरू झालेलं. वय १८ ते ५०, सदस्यत्व साधारण ३ ते ५ वर्षांचं, युनिफॉर्म फुकट आणि ड्युटी केली त्या दिवसाचा भत्ता. २०१५ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की ३० दिवस ड्युटी केली तर भत्ता राज्याच्या पोलीस शिपायाच्या किमान पगाराएवढा व्हायला हवा, पण त्याच निकालात कायम करा ही मागणी मात्र मान्य केली नाही. म्हणजे पाच वर्षं होमगार्ड केलं की आपोआप पोलीस होतो ही गावातली कथा आहे, तिच्यावर विसंबू नका. पण अनुभव म्हणाल तर खरा अनुभव इथेच. चवथीचा बाजार, शिगम्याची मिरवणूक, कार्निव्हल, निवडणूक, जुन्या गोव्याचं फेस्त. ३ मे २०२५ ला शिरगावच्या लईराई जत्रेत चेंगराचेंगरी होऊन सहा जण गेले, तेव्हा गर्दी सांभाळणं म्हणजे दोरी धरून उभं राहणं नव्हे हे सगळ्या गोव्याला कळलं. भरतीची जाहिरात निघते तेव्हा पेपरवर लक्ष ठेवा, शाळेचे दाखले, रहिवासी, आधार, मेडिकल आणि चारित्र्य पडताळणी लागते, कुठे कामाला असाल तर मालकाची एनओसी.

बाकीच्या वाटा पटापट सांगतो. कॉम्प्युटरवाल्यांसाठी केंद्राच्या सायबर क्राईम पोर्टलवर सायबर व्हॉलंटियर म्हणून नोंदणी होते, बेकायदा मजकूर कळवणं, लोकांना जागरूक करणं आणि तज्ज्ञ असे तीन प्रकार (फसवणुकीसाठी १९३० नंबर, हे तर घरातल्या आजीला पण पाठ करायला लावा). कायदा शिकणाऱ्यांसाठी, आणि न शिकणाऱ्यांसाठी सुद्धा, जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे पॅरालीगल व्हॉलंटियर, म्हणजे लोकांना कायद्याची मदत मिळवून देणारे स्वयंसेवक. २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने हरवलेल्या मुलांच्या प्रकरणात पोलीस स्टेशनांवर हे व्हॉलंटियर ठेवायला सांगितलं होतं, त्यामुळे यातून पोलिसांचं काम अगदी जवळून दिसतं. आणि आपत्तीच्या कामासाठी आपदा मित्र, त्याचं ट्रेनिंग १२ दिवसांचं.

आता कागद, कारण पोरं ग्राऊंडवर कमी आणि इथेच जास्त अडकतात.

रहिवासी दाखला मामलेदाराकडून, अर्ज गोवा ऑनलाईनवरून होतो. जन्मदाखला, पंधरा वर्षं सलग इथेच होतो हे दाखवणारे शाळेचे दाखले, रेशन कार्ड, इलेक्शन कार्ड, घरपट्टी किंवा लाईट बिल, आणि मग तलाठ्याची चौकशी. मध्ये दोन वर्षं बेळगावात किंवा सावंतवाडीला मामाकडे शिकलात तर तिथला शाळेचा कागद आणि आईवडील गोव्यातच होते याचे पुरावे आधीच जमवून ठेवा, विचारतातच. जाहिरात निघाल्यावर धावणारे दहा असतात आणि शेवटची तारीख कुणासाठी थांबत नाही. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड पण चालू ठेवा, रिन्यू करायची तारीख मोबाईलमध्ये टाका.

नावाचा घोळ तर आपल्या गोव्याचा खासच. बापाच्या जन्मदाखल्यावर पोर्तुगीज वळणाचं स्पेलिंग, तुमच्या मार्कशीटवर वेगळं, आधारवर तिसरंच. दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत असं सांगणारं डायव्हर्जन्स सर्टिफिकेट मामलेदार ऑफिसातून मिळतं, ते आजच काढा, एनसीसीचा फॉर्म भरताना पण मार्कशीटवर आहे तेच स्पेलिंग ठेवा नाहीतर पुढे सर्टिफिकेट तुमचंच आहे हे पटवत बसावं लागेल.

पडताळणीच्या फॉर्ममध्ये तुमच्यावर कधी केस होती का असा प्रश्न असतो. ट्रॅफिकचं चलन वेगळं, ते भरून मोकळे व्हा. पण दिवाळीच्या नरकासुराच्या रात्री मारामारीत नाव आलं असेल, एफआयआर झाली असेल, तर लिहा, केस मिटली असली तरी लिहा आणि कोर्टाचा कागद जोडा. किरकोळ प्रकरण खरं सांगितलं तर त्याचा विचार होऊ शकतो, लपवलं तर मिळालेली नोकरी पण जाऊ शकते, २०१६ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालात माहिती लपवणाऱ्याचं काय करायचं ते सविस्तर आहे.

आणि कुणी ओळख आहे, एवढे लाख दे म्हणाला तर एक दमडी देऊ नका, २०२४ मध्ये गोव्यात असल्या प्रकरणांत किती जण पैसे गमावून बसले ते पेपरात वाचलंच असेल. क वर्गाच्या भरतीसाठी आता गोवा कर्मचारी निवड आयोग आहे, परीक्षा कॉम्प्युटरवर होते. होमगार्ड, एनसीसी, इंटर्नशिप, कशालाच एजंट नसतो. जिथे काम कराल तिथून तारखा, तास, सही आणि शिक्का असलेला कागद त्याच आठवड्यात घ्या, कारण तिथल्या साहेबाची बदली झाली की नवीन आलेला तुम्हाला ओळखत नसतो, आणि स्कॅन करून डिजिलॉकरमध्ये नाहीतर निदान स्वतःच्या मेलवर टाकून ठेवा.