कमांड लाइनवरून फोटोला जुनी कळा आणणे

डिजिटल छायाचित्राला जुन्या भिंगाची, फिल्मची, धुलाईच्या रसायनांची आणि काळाने कागदावर उमटवलेल्या खुणांची छटा मजकुरी आज्ञा देऊन चढवण्याची पद्धत. यात माउस फिरवून चित्र रंगवावे लागत नाही. मूळ फोटोचे नाव, करायचे बदल आणि नव्या फोटोचे नाव एका ओळीत लिहिले की काम होते. तीच ओळ दुसऱ्या फोटोवर, संपूर्ण फोल्डरवर किंवा पुढच्या वर्षीच्या गणपतीतल्या फोटोंवर जशीच्या तशी चालते. मोबाइलच्या ॲपमध्ये बोट लावून मिळणारा फिल्टर आतून काय करतो हे समजून घेण्याचाही हा सर्वांत सरळ मार्ग आहे.

या कामाचे मुख्य साधन इमेजमॅजिक. जॉन क्रिस्टी यांनी ते १९८७ मध्ये ड्यूपॉन्ट कंपनीत असताना लिहिले आणि १९९० मध्ये सर्वांसाठी मोफत खुले केले. सहाव्या आवृत्तीपर्यंत त्याची मुख्य आज्ञा ‘कन्व्हर्ट’ होती, सातव्या आवृत्तीपासून ती ‘मॅजिक’ झाली. त्यातून २००२ मध्ये फुटून निघालेले ग्राफिक्समॅजिक आणि फ्रान्समधल्या कां शहरातील ग्रेक प्रयोगशाळेत २००८ पासून वाढलेले जीमिक हीही याच कामाची साधने. जीमिकमध्ये अनेक जुन्या फिल्मच्या छटा तयार मिळतात. इमेजमॅजिकवर फ्रेड वाइनहाउस यांनी लिहिलेल्या बॅश स्क्रिप्टांमध्ये, म्हणजे एकापाठोपाठ चालणाऱ्या आज्ञांच्या तयार फाइलींमध्ये, ‘टॉयकॅमेरा’ आणि ‘व्हिंटेज’ मालिका आहेत. त्या उघडून वाचाव्यात, कारण प्रत्येक परिणाम कोणकोणत्या पायऱ्यांनी बनतो ते त्यात स्वच्छ दिसते.

इन्स्टाग्राम ऑक्टोबर २०१० मध्ये सुरू झाले आणि चौकोनी, रंग उडालेला, कडा काळवंडलेला फोटो घरोघरी पोचला. त्यानंतर लगेच त्या फिल्टरांच्या नकला इमेजमॅजिकमध्ये उतरल्या. त्यांपैकी ‘गॉथम’ फिल्टरची प्रचलित कृती अशी : ‘मॉड्युलेट १२०,१०,१००’, म्हणजे उजेड थोडा वाढवून रंगांची तीव्रता दहा टक्क्यांवर आणायची. त्यावर गडद निळा (लाल ३४, हिरवा ४३, निळा १०९) ‘कलराइझ २०’ने चढवायचा. मग ‘गॅमा ०.५’ने मधल्या छटा खाली ओढायच्या आणि शेवटी ‘कॉन्ट्रास्ट’ दोनदा द्यायचा. कोकणात हर्णै बंदरावर संध्याकाळी लागलेल्या होड्यांना किंवा रत्नागिरीच्या मिरकरवाड्यातल्या ट्रॉलरांच्या डोलकाठ्यांना ही छटा शोभते. श्रावणातल्या भातशेतीवर मात्र ती लावू नये. तिथे हिरवा रंग हाच फोटोचा जीव असतो आणि ही कृती सर्वांत आधी तोच काढून घेते.

आज्ञांचा क्रम : यादीतल्या आज्ञा कोणत्याही क्रमाने दिल्या तरी काहीतरी ‘जुने’ दिसते, पण ते पटत नाही. खऱ्या जुन्या फोटोवर खुणा एका ठरावीक क्रमाने उमटलेल्या असतात : आधी भिंग, मग फिल्म, मग धुलाई, मग कागद आणि शेवटी काळ. आज्ञांचाही तोच क्रम ठेवावा. कोपऱ्यांचा काळोख भिंगाचा असतो, म्हणून तो फिल्मच्या दाण्याच्या, म्हणजे तिच्यावर दिसणाऱ्या बारीक कणांच्या, आधी यायला हवा. दाणा आधी टाकून वरून काळोख चढवला तर कोपऱ्यातला दाणा मरतो, आणि खऱ्या प्रिंटमध्ये तो तिथेही दिसत असतो. पिवळेपणा काळाचा, त्यामुळे तो कागदाच्या पांढऱ्या कडेवरही चढला पाहिजे. कडा शेवटी जोडली तर ती कोरी करकरीत राहते आणि सगळी लबाडी उघडी पडते.

भिंग : स्वस्त कॅमेऱ्यात एकच साधे भिंग असे. भारतात घराघरांत पोचलेला आग्फा क्लिक थ्री याच जातीचा. १२० आकाराच्या रोलवर तो सहा बाय सहा सेंटिमीटरचे बारा फोटो काढी. मध्यभाग बऱ्यापैकी नेमका, कडांना मऊ आणि काळसर. कोपऱ्यांसाठी ‘व्हिनेट’ नावाची आज्ञा आहे, पण तिच्या आधी ‘बॅकग्राउंड’ काळे सांगावे लागते, नाहीतर कोपरे पांढरे होतात, कारण इमेजमॅजिकची मूळ पार्श्वभूमी पांढरी असते. त्यातूनही ही आज्ञा कडा पूर्ण गिळते. याहून चांगला उपाय म्हणजे मध्ये पांढरा आणि कडेला राखाडी असा वर्तुळाकार उतार ‘रेडियल-ग्रेडियंट’ने बनवून ‘मल्टिप्लाय’ पद्धतीने, म्हणजे वरचे चित्र जिथे गडद तिथे खालचेही गडद होईल असे, फोटोवर बसवणे. राखाडी जितकी फिकी, तितका काळोख सौम्य.

फिल्म : या पायरीवर बहुतेक फिल्टर आळस करतात. रंग काढून तपकिरी छटा दिली म्हणजे एकोणिसाव्या शतकातला फोटो झाला, असे नाही. त्या काळच्या काचपट्ट्यांना निळा आणि जांभळ्यापलीकडचा प्रकाशच दिसे. १८७३ मध्ये हर्मान फोगेल यांनी रंगद्रव्य मिसळून हिरवाही टिपता येतो हे दाखवले. लाल रंग बराच काळ बाहेर राहिला. हे उतरवायची आज्ञा अगदी लहान आहे : ‘चॅनल बी’ आणि ‘सेपरेट’, म्हणजे तीन रंगांपैकी फक्त निळ्याचा थर घ्यायचा. कोकणातल्या फोटोवर हा बदल जबरदस्त दिसतो. जांभ्याचा गडगा जवळजवळ काळा होतो, माडांच्या झावळ्या गर्द होतात, आभाळ ढगांसकट कोरे पांढरे होते, आणि बाईच्या कपाळावरचे कुंकू काळा ठिपका बनते. ओटीवरच्या भिंतीला पुढे झुकवून टांगलेल्या फ्रेमांमध्ये पणजी-खापरपणजीचे चेहरे असतात त्याहून सावळे का दिसतात, त्याचे एक कारण हेच.

दाण्यासाठी ‘प्लस नॉइज गॉसियन’ वापरतात आणि ‘ॲटेन्युएट’ने तो आवरतात. इथे दोन गोष्टी सांभाळाव्यात. पहिली, दाणा टाकण्याआधी फोटो शेवटच्या आकाराचा करून घ्यावा. चार हजार पिक्सेल रुंद फोटोवर टाकलेला दाणा फोटो मोबाइलपुरता लहान केला की विरून जातो. दुसरी, संगणकाचा दाणा प्रत्येक पिक्सेलला वेगळा असतो, फिल्मवरचा दाणा पुंजक्यांनी येतो. म्हणून मध्यम राखाडी रंगाच्या वेगळ्या थरावर दाणा टाकावा, तो किंचित ‘ब्लर’ करावा आणि ‘ओव्हरले’ने फोटोत मिसळावा. मग तो मधल्या छटांमध्ये उठून दिसतो आणि गडद काळ्यात व शुभ्र पांढऱ्यात दबतो.

कार्तिकानंतर जत्रांमध्ये होणाऱ्या दशावतारी नाटकांच्या फोटोंना हा जाड दाणा हवाच. पेट्रोमॅक्सच्या किंवा पिवळ्या दिव्यांच्या उजेडात, दिवसाच्या उजेडासाठी बनलेली वेगवान फिल्म वापरली की मुखवटे आणि मुकुट नारिंगी होत, मागची रात्र मात्र काळी राही. तेव्हा रंग फक्त उजळ भागांना चढवावा आणि काळ्याला हात लावू नये.

धुलाई आणि कागद : तपकिरी छटेचे मूळ रसायनात आहे. प्रिंटमधल्या चांदीचे सल्फाइड केले की ती तपकिरी होते आणि जास्त टिकतेही. इमेजमॅजिकची ‘सेपिया-टोन ८०%’ ही आज्ञा हीच छटा देते. निळ्या छटेसाठी जॉन हर्शेल यांनी १८४२ मध्ये शोधलेला सायनोटाइप डोळ्यांपुढे ठेवावा. स्लाइडची फिल्म निगेटिव्हच्या रसायनात धुतली की रंग भडक आणि सावल्या हिरवट-निळ्या होतात. प्रत्येक रंगाला वेगळी वक्ररेषा देऊन हे साधते, आणि ‘सिग्मॉइडल-कॉन्ट्रास्ट’ त्यासाठी पुरतो. पोलरॉइडसारखी कडा ‘पोलरॉइड’ आज्ञेने एका फटक्यात मिळते. करवती कडा, गोल कोपरे वगैरे मुखवट्याच्या, म्हणजे कोणता भाग ठेवायचा ते दाखवणाऱ्या काळ्या-पांढऱ्या, चित्राने कापता येतात.

काळ : तयार फिल्टर इथे सरसकट पिवळा रंग फासतात. कोकणातले फोटो तसे जुने होत नाहीत. रत्नागिरीला वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. प्रतिमा धरून ठेवणारा जिलेटिनचा थर ओलीने फुगतो, फ्रेमच्या काचेला चिकटतो आणि सोडवायला गेले की सोलून निघतो. दमट हवेत त्यावर बुरशी धरते, कसर कागद आणि जिलेटिन कुरतडते. काचेला चिकटलेला भाग गडद आणि चकचकीत दिसतो, शेजारचा फिका. ओलीचा डाग खालच्या कडेने वर चढतो आणि त्याची सीमारेषा मधल्या भागापेक्षा गडद असते.

रंगीत प्रिंटांची गोष्ट निराळी. सत्तरच्या दशकातल्या रंगीत कागदावरचे निळसर-हिरवे रंगद्रव्य अंधारात ठेवलेल्या अल्बममध्येही सर्वांत आधी उडते, म्हणून ते फोटो लालसर होतात. चाकरमान्यांनी सुट्टीत काढलेले, रोल मुंबईला धुवून पुढच्या खेपेला गावी आणलेले गणपतीचे कितीतरी फोटो आज असेच तांबूस झाले आहेत. आज्ञेत हे असे उतरते : ‘चॅनल आर’ला ‘प्लस लेव्हल १८%,१००%’, म्हणजे लाल थरातला काळा वर उचलायचा. सावल्या काळ्याऐवजी तांबड्या होतात. मग ‘चॅनल बी’ला ‘प्लस लेव्हल ०,८८%’ दिले की पांढऱ्यावर पिवळट झाक येते. आकडे फोटोगणिक बदलावेत. लाल मातीच्या अंगणातल्या फोटोला अठरा टक्के फार होतात, समुद्रावरच्या फोटोला ते खपतात.

बुरशीचे ठिपके संगणकाने पसरवले तर ते सारखे पसरतात आणि खोटे वाटतात. घरातल्या एखाद्या निकामी प्रिंटचा कोरा कोपरा, किंवा फ्रेमच्या मागचा डागाळलेला पुठ्ठा, स्कॅन करून तो ‘मल्टिप्लाय’ने बसवणे केव्हाही चांगले. आपल्या भिंतीवरचीच ओल आपल्या फोटोवर येते आणि ती लगेच ओळखू येते.

अनेक फोटोंसाठी : एकदा जमलेली छटा जपून ठेवायची सोय ‘हाल्ड क्लट’मध्ये, म्हणजे कोणत्या रंगाचा कोणता रंग करायचा त्याच्या चित्ररूप तक्त्यात, आहे. ‘हाल्ड:८’ म्हटले की ५१२ बाय ५१२ पिक्सेलचे रंगांचे चित्र तयार होते. त्यात प्रत्येक रंगाच्या ६४ पायऱ्यांच्या सगळ्या जोड्या असतात. त्या चित्रावर रंगांचे सर्व बदल करून ठेवले की ‘हाल्ड-क्लट’ने ती छटा कोणत्याही फोटोला लागते. दाणा, काळोख आणि डाग या तक्त्यात मावत नाहीत, ते वेगळे द्यावे लागतात. सगळे बदल एकाच आज्ञेत साखळीने करावेत. दर पायरीला जेपेग साठवला तर आभाळात पट्टे पडतात. इमेजमॅजिक आतून सहसा प्रत्येक रंगाच्या ६५,५३६ पायऱ्यांवर काम करते, जेपेगमध्ये २५६ च उरतात. संपूर्ण फोल्डरसाठी ‘मोग्रिफाय’ आहे, पण ते मूळ फोटोवरच लिहिते, म्हणून ‘पाथ’ देऊन निकाल दुसऱ्या फोल्डरमध्ये पाठवावा.

नोंद ठेवणे : गावच्या देवळाचा किंवा किल्ल्याचा असा फोटो समाजमाध्यमांवर गेला की चार दिवसांत तो ‘शंभर वर्षांपूर्वीचा’ म्हणून परत येतो आणि गावाच्या इतिहासात घुसतो. ज्या वाडीत खरे जुने फोटो मुळातच मोजके उरले आहेत, तिथे हे नुकसान मोठे आहे. ‘सेट कॉमेंट’ने फोटो काढल्याची तारीख आणि ‘छटा नंतर दिलेली’ एवढे फाइलमध्ये लिहिता येते. ‘स्ट्रिप’ आज्ञा अशा नोंदी पुसते आणि फोटो पुढे पाठवणारी अनेक ॲपही त्या काढून टाकतात, म्हणून तेच शब्द खालच्या पांढऱ्या कडेवर ‘ॲनोटेट’ने छापावेत.