जॉक्युलर

जॉक्युलर हे इंग्रजी विशेषण थट्टेच्या, खेळकर सुरात बोलणाऱ्या माणसाला किंवा त्याच्या बोलण्याला लावतात. बोलणे खरोखर विनोदी होते की नाही, हे त्यातून कळत नाही. बोलणाऱ्याचा सूर थट्टेचा होता एवढेच कळते. म्हणून फसलेला विनोदही जॉक्युलर असू शकतो, पण हसवून पुरेवाट करणाऱ्या चित्रपटाला हा शब्द सहसा लागत नाही. टोन, मूड, मॅनर, रिमार्क या नामांआधी तो नेहमी दिसतो. क्रियाविशेषण जॉक्युलरली, भाववाचक नाम जॉक्युलॅरिटी.

मूळ लॅटिन. 'योकुस' म्हणजे थट्टा, शाब्दिक गंमत; त्याचे लघुत्वदर्शक रूप 'योकुलुस' आणि त्यावरून विशेषण 'योकुलारिस'. लॅटिनमधल्या आरंभीच्या 'य'चा पुढे 'ज'कडे झुकणारा उच्चार झाला. यात्रा–जत्रा, योगी–जोगी, यव–जव या जोड्या ज्यांच्या कानावर आहेत, त्या मराठी वाचकाला हा बदल परका वाटणार नाही. इंग्रजीत जॉक्युलर सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात आला. त्याच मुळाचा, आज कितीतरी अधिक रुळलेला 'जोक' मात्र त्याच शतकाच्या उत्तरार्धातला, म्हणजे धाकटा आहे.

लॅटिनमध्ये शरीराने खेळायच्या खेळाला 'लूदुस' हा वेगळा शब्द होता. पुढे बोलीभाषेत 'योकुस'नेच त्याची जागा घेतली. फ्रेंच 'ज्यो', इटालियन 'जोको', स्पॅनिश 'ख्वेगो' आणि पोर्तुगीज 'जोगो' हे खेळासाठीचे शब्द त्यातूनच आले. हातचलाखी करणारा 'जगलर'ही याच घराण्यातला: थट्टेकरी या अर्थाचा 'योकुलातोर' जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत पोहोचला.

उच्चारात मराठी भाषक दोन ठिकाणी अडखळतात. 'ज' हा 'जीभ'मधला हवा, 'जवळ'मधला नव्हे. दुसरे, 'जोक'च्या ओढीने 'जोक्युलर' म्हटले जाते; ब्रिटिश उच्चारात पहिला स्वर ऱ्हस्व 'ऑ' असतो. आघात पहिल्या उच्चारखंडावर असतो, पण जॉक्युलॅरिटीत तो 'लॅ'वर सरकतो. लिहिताना 'क'साठी सी येतो, के नव्हे.

अर्थाची गल्लत मुख्यतः शेजारच्या शब्दांशी होते. जोव्हियल म्हणजे मनमोकळा, आनंदी. तो ज्यूपिटर म्हणजे गुरूच्या नावावरून आला, कारण युरोपीय ज्योतिषात गुरूच्या प्रभावाखाली जन्मलेला माणूस हसतमुख मानत. जॉकंड म्हणजे प्रफुल्ल. तो मुळात 'युकुंदुस' या वेगळ्या लॅटिन शब्दाचा, केवळ साम्यामुळे 'योकुस'च्या वळणावर गेलेला. फसीशस जवळचा असला तरी त्यात बहुधा नापसंती असते: गंभीर वेळी केलेली अस्थानी थट्टा.

मराठीत उतरवताना 'विनोदी' फार सैल पडतो. माणसाच्या स्वभावाला 'थट्टेखोर' किंवा 'मिश्कील' शोभते. एखाद्या शेऱ्याबद्दल लिहिताना 'थट्टेच्या सुरात' किंवा 'गमतीने' अशी क्रियाविशेषणाची रचना केली की अर्थ नेमका बसतो.