बोलतच नाही की नीट बोलत नाही? स्पीच थेरपी सुरू करायच्या आधी हा फरक बघा

दोन पोरं धरा. एक चार वर्षांची मुलगी, दिवसभर तोंड बंद नाही, पण बोलते काय तर "ताता, तोंबडी तुठं देली?" म्हणजे काका, कोंबडी कुठं गेली. दुसरा अडीच वर्षांचा मुलगा, "आंबा", "आई", "गाडी" एकदम खणखणीत म्हणतो, पण सगळे मिळून दहा-बारा शब्द आणि दोन शब्द जोडून काहीच नाही. आता वाडीत कोणालाही विचारा, काळजी कोणाची करायची? सगळे मुलीकडे बोट दाखवणार, जीभ जड आहे म्हणणार. मुलाबद्दल आजी सांगणार, "तेचो बापूसय उशिराच बोलाक लागलो, होतला सगळा."

माझं मत उलटं आहे. आधी धावायचं ते मुलासाठी.

कारण मुलीकडे भाषा आहे, वाक्य आहे, प्रश्न आहे, फक्त क आणि ग च्या जागी त आणि द येतोय. हा उच्चाराचा प्रश्न. जिभेचा मागचा भाग उचलून काढायचे हे आवाज, लहान मुलं ते पुढेच उरकतात, आणि बहुतेकांचं चारच्या आसपास आपोआप सुटतं. र तर त्याहून उशिरा बसतो, त्यामुळे तीन वर्षांचं पोर "लिक्शा" म्हणालं म्हणून लगेच घाबरू नका. साधा अंदाज असा की तिसऱ्या वर्षी परक्या माणसाला मुलाचं साधारण तीन-चतुर्थांश बोलणं कळावं, चौथ्या वर्षी जवळजवळ सगळं. चाकरमानी काका गणपतीला येतात ना, त्यांना कळतं का ते बघा, आईला कळतं हे धरू नका, आईला सगळंच कळतं.

मुलाचा प्रश्न उच्चाराचा नाहीच. त्याच्याकडे शब्दच कमी आहेत, म्हणजे भाषा मागे आहे. दोन वर्षांपर्यंत पन्नासेक शब्द आणि "पाणी दे", "बाबा आला" अशी जोडी यायला हवी. पण शब्द मोजण्यापेक्षा महत्त्वाचं म्हणजे त्याला समजतं किती. हे घरी बघता येतं, फक्त नीट बघा. "पडवीतली चप्पल आण" असं सांगताना आपला हात पडवीकडे जातो, नजर जाते, आणि पोर त्या हातावरूनच ओळखतं. हात मांडीवर ठेवा, त्याच्याकडेच बघा आणि मग सांगा. आणलीन तर चांगलं. समजतंय, बोटाने दाखवतोय, तुमच्याकडे बघून हसतोय, फक्त शब्द नाहीत, अशातली बरीच मुलं पुढे भरून काढतात, पण नेमकी कोणती ते आज कोणी सांगू शकत नाही, म्हणून वाट बघत बसायचं नाही. समजतच नसेल, हाक मारल्यावर बघत नसेल, बोट दाखवत नसेल तर अजिबात थांबू नका. आणि आलेले शब्द गेले तर वय कितीही असो, लगेच डॉक्टर.

एक फसवणारा प्रकार आहे. पोर मोबाईलवरचं एबीसीडी पूर्ण म्हणतं, जाहिरात पाठ, पण तहान लागली तर हात ओढून माठाकडे नेतं. घरचे म्हणतात बोलतो की! नाही, ते पाठांतर झालं, मागणं नाही झालं.

दोन्हीत पहिली पायरी एकच, कान तपासणं. मागे ताट वाजवलं की वळतो म्हणजे ऐकू येतं असं नाही, ताटाचा दणका ऐकू येऊनही स, श सारखे बारीक आवाज निसटू शकतात, आणि सतत सर्दी असणाऱ्या मुलांच्या कानात पडद्यामागे पाणी साठून ऐकणं कमीजास्त होतं. लहान मुलांची ओएई किंवा बेरा ही ऐकण्याची मशीनवरची टेस्ट होते, दुखत नाही, बेराला पोर झोपलेलं लागतं एवढंच. जिभेला वेखंड उगाळून लावणं वगैरे चालू असेल तर त्याने शब्द येत नाहीत, आणि वर्षाच्या आतल्या बाळाला मध तर देऊच नका, त्यातून बोट्युलिझम नावाची गंभीर विषबाधा होऊ शकते. जिभेखालची पट्टी घट्ट असेल तर काही आवाजांना अडचण येऊ शकते, पण शब्दच न येण्याचं कारण ती नसते. घरात मालवणी आणि अंगणवाडीत मराठी म्हणून पोर गोंधळलं, हेही खरं नाही. मालवणी बंद करू नका, आजीशी बोलायचं कोणी मग?

थेरपी मात्र दोघांची वेगळी. मुलीला आरशासमोर बसवून आधी सुटा आवाज, मग "का", "कू", मग शब्द, मग वाक्य, असं चालतं, आणि घरी रोज थोडा थोडा सराव. मुलाच्या सेशनमध्ये बघणाऱ्याला वाटेल हे नुसतं खेळतायत, पैसे कशाचे घेतात! थेरपिस्ट होडी हातात धरून गप्प बसते, पोर "होडी" म्हणालं की "होडी आली" म्हणून एक शब्द जोडून परत देते. काम तेच आहे, आणि ते आईबापानेच शिकायचं असतं, कारण थेरपिस्टकडे जाणं आठवड्यातून एखाद तास, बाकी दिवस पोर तुमच्याकडे. "म्हण, पाणी म्हण, तरच देते" हे मात्र दोघांनाही नको, त्याने पोर गप्प होतं.

जायचं कुठे? मुलांच्या तपासणीचा सरकारी राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ पासून आहे, त्याची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते आणि त्यांच्या यादीत भाषेचा उशीर आणि ऐकण्याचा दोष दोन्ही आहेत. त्या दिवशी पोराला घरी ठेवू नका. तिथून पुढे जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात पाठवतात, खर्च नाही, पण सिंधुदुर्गात ओरोसला किंवा रत्नागिरीला एसटीने अर्धा दिवस घालवायच्या आधी आशाताईंकडून वार विचारून घ्या. मुंबईत नातेवाईक असतील तर वांद्र्याला अली यावर जंग संस्था आहे, १९८३ पासूनची, तिथे कान आणि बोलणं दोन्ही बघतात. खासगीत गेलात तर थेरपिस्टचा आरसीआय (भारतीय पुनर्वास परिषद) नोंदणी नंबर विचारा, विचारायला लाजू नका. लांब पडत असेल तर महिन्यातून एकदा प्रत्यक्ष आणि बाकी ऑनलाइन असं जमतं का तेही विचारा.

जाताना पोराचे घरातले दोन-तीन छोटे व्हिडिओ घेऊन जा, नवीन जागेत ते हमखास तोंड उघडत नाही, आणि येणाऱ्या शब्दांची यादी, चुकीचे उच्चार आहेत तसेच लिहून.