पंचकोनाला दोन सममिती अक्ष का नसतात?

कागदावर एक चौरस काढा. त्याच्या वरच्या बाजूवर तेवढ्याच लांबीच्या बाजूंचा समभुज त्रिकोण काढा आणि मधली रेषा खोडून टाका. उरलेली आकृती पंचकोन आहे आणि तिच्या पाचही बाजू सारख्या आहेत. आता ती कापून घ्या आणि घड्या घालून पाहा. शिखरापासून तळाच्या मध्यापर्यंत उभी घडी घातली, तर दोन्ही अर्धे एकमेकांवर तंतोतंत बसतात. दुसरी कुठलीही घडी घाला, एखादा कोपरा बाहेर डोकावतोच. बाजू समान असूनही या पंचकोनाला सममितीचा अक्ष एकच, कारण त्याचे कोन समान नाहीत. शिखराशी ६० अंश, त्याखालच्या दोन कोपऱ्यांत १५०-१५० आणि तळाशी ९०-९०.

पाचही बाजू आणि पाचही कोन सारखे असले, तरच तो सुसम पंचकोन. त्याचा प्रत्येक कोन १०८ अंशांचा असतो आणि त्याला पाच अक्ष असतात. प्रत्येक अक्ष एका शिरोबिंदूतून निघून समोरच्या बाजूच्या मध्यबिंदूतून जातो. असा पंचकोन मिळवायला कंपास लागतोच असं नाही. सारख्या रुंदीची लांब कागदी पट्टी घ्या, तिला साधी गाठ मारा आणि ती हलक्या हाताने आवळत सपाट दाबा. बाहेर आलेली टोकं कापली की हातात सुसम पंचकोन!

तर पंचकोनाला पाच अक्ष असू शकतात, एक असू शकतो आणि आकृती वेडीवाकडी असली तर एकही नसतो. पण दोन, तीन किंवा चार अक्षांचा पंचकोन आजवर कोणी काढलेला नाही आणि पुढेही कोणाला काढता येणार नाही. ‘सुसम बहुभुजाला जितक्या बाजू तितके अक्ष’ हा नियम आपण शाळेत पाठ करतो. मला मात्र या मधल्या गाळलेल्या संख्या त्याहून सुंदर वाटतात, कारण त्यांच्यामागचं कारण कोणालाही समजण्याजोगं आहे.

समजा, एखाद्या पंचकोनाला दोन अक्ष आहेत. सममितीचा प्रत्येक अक्ष आकृतीच्या गुरुत्वमध्यातून जातो, त्यामुळे हे दोन अक्ष तिथे एकमेकांना छेदतील. आता आकृती आधी एका अक्षाभोवती उलटवा, मग दुसऱ्या अक्षाभोवती. दोनदा उलटल्यावर ती पुन्हा सुलटी होते, पण मधल्या बिंदूभोवती थोडी फिरलेली असते. किती फिरते? दोन अक्षांमधल्या कोनाच्या बरोबर दुप्पट. म्हणजे दोन अक्ष असले की आकृती फिरवूनही स्वतःवर बसलीच पाहिजे.

आणि पंचकोन अडतो तो इथेच. अक्ष एकमेकांना लंब आहेत असं धरू. मग आकृती १८० अंशांनी फिरून स्वतःवर बसायला हवी. अर्ध्या फेरीत प्रत्येक शिरोबिंदू आपल्या समोरच्या जोडीदाराच्या जागी जातो. पाच शिरोबिंदूंच्या दोन जोड्या लागतात आणि एक बिंदू उरतो. उरलेल्याने जागेवरच थांबायला हवं, पण फिरताना जागेवर फक्त मधला बिंदू राहतो आणि तिथे शिरोबिंदू नाही. एक तृतीयांश फेरी धरली तर तिघांचा गट होऊन दोघे उरतात, पाव फेरी धरली तर चौघांचा होऊन एक उरतो. कोणीही न उरण्याचा एकच मार्ग आहे, पाचही शिरोबिंदूंनी मिळून एकच साखळी करणं. पण मग प्रत्येक बाजू दुसऱ्या प्रत्येक बाजूच्या जागी जाते, प्रत्येक कोनही तसाच. सगळं समान होतं, पंचकोन सुसम ठरतो आणि अक्ष दोनाचे थेट पाच होतात.

सुसम पंचकोन एक पंचमांश फेरीने फिरवला तरी स्वतःवर बसतो. त्याची ही पाचपट सममिती आणखी एका ठिकाणी अडते. नुसत्या सुसम पंचकोनी फरशांनी जमीन पूर्ण झाकता येत नाही. एका बिंदूभोवती तीन फरशा ठेवल्या की ३२४ अंश भरतात आणि ३६ अंशांची फट राहते. एकच रचना सारख्या अंतरावर पुन्हा पुन्हा येणाऱ्या स्फटिकातही पाचपट किंवा दहापट सममिती बसत नाही, हे गणिताने सिद्ध झालेलं आहे. म्हणूनच १९८२ मध्ये शास्त्रज्ञ डॅन शेख्टमन यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली ॲल्युमिनियम आणि मँगनीजच्या मिश्रधातूतून दहापट सममितीच्या ठिपक्यांची नक्षी मिळाली, तेव्हा त्यांच्यावर विश्वास ठेवायला अनेकजण तयार नव्हते. त्या धातूतली रचना सुव्यवस्थित होती, पण ठरावीक अंतराने पुन्हा येणारी नव्हती. २०११ मध्ये या शोधाला रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं.

शिरोबिंदूंचे समान गट पाडण्याची युक्ती कुठल्याही बहुभुजाला लावता येते. एक किंवा अधिक अक्ष असतील, तर त्यांची संख्या बाजूंच्या संख्येचा विभाजक असते. बाजूंची संख्या मूळ असेल, तर मधलं काही शक्यच नाही. सप्तकोनाला शून्य, एक किंवा सात. षटकोनाला मात्र मोकळीक आहे. सुसम षटकोन त्याच्या एका अक्षाच्या दिशेने ताणला की दोन अक्ष उरतात. समभुज त्रिकोणाची तिन्ही टोकं सारखी छाटली की तीन अक्षांचा षटकोन तयार होतो, फक्त टोकं बाजूच्या बरोबर एक तृतीयांशावर छाटायची नाहीत, नाहीतर तो सुसम होऊन बसेल. चार किंवा पाच अक्षांचा षटकोन मात्र अशक्य.

मग पाच टोकांच्या चांदणीचं काय? तिला पाच अक्ष असतात, पण तिची बाह्यरेषा दहा बाजूंची आहे आणि पाच हा दहाचा विभाजक आहे. बेरजेच्या जाडसर चिन्हाच्या कडा मोजा, बारा भरतील. त्याचे अक्ष चार, एक उभा, एक आडवा आणि दोन तिरके.